‘पुरवणे’ आणि ‘पुरवठा’ : विलेपार्ले परिसरातील घर, परस व पाणी

१

मराठीत ‘पुरणे’ या क्रियापदापासून ‘पुरवणे’ हे प्रयोजक रूप सिद्ध होते आणि त्याचे दोन अर्थ आहेत. एखाद्याला हवी ती वस्तू आणून देणे हा एक अर्थ. आहे ती वस्तू हव्या त्या काळापर्यंत टिकवणे हा दुसरा. ‘त्याला धान्य पुरवले’ आणि ‘धान्य पुरवून खाल्ले’ या दोन वाक्यांत क्रियापद एकच आहे, परंतु पहिल्या वाक्यात देणारा एक व घेणारा दुसरा आहे, दुसऱ्यात दोन्ही भूमिका एकाच घरात नांदतात. ‘पाणीपुरवठा’ हा आजचा रूढ शब्द केवळ पहिल्या अर्थावर उभा आहे. ज्या काळी विलेपार्ल्यासारख्या गावात नळ नव्हता, त्या काळी पाण्याच्या बाबतीत दुसरा अर्थच प्रधान असला पाहिजे. या अर्थांतरामागे कोणता इतिहास आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

असा इतिहास लिहिण्यात एक अडचण आहे. राजांच्या सनदा, तहनामे, जमाबंदीचे कागद यांत शेतसाऱ्याचा हिशेब मिळतो. घरामागच्या परसात केळीला पाणी कोठून आले हे तेथे कोणी लिहून ठेवीत नाही. अशा ठिकाणी शब्दांचा आधार घ्यावा लागतो. अर्थात हा आधार जपून घ्यावयास हवा. एखादा शब्द कोशात आहे म्हणून ती वस्तू अमुक गावात होतीच असे सिद्ध होत नाही. शब्द प्रवास करतात, आणि वस्तू नाहीशी झाल्यावरही मागे राहतात. म्हणून पुढील विवेचनात शब्दांची साक्ष भूमीच्या, यंत्रांच्या व ज्ञात घटनांच्या साक्षीशी ताडून पाहिली आहे. जेथे कोकण व साष्टी यांची सर्वसाधारण स्थिती विलेपार्ल्याला लागू केली आहे, तेथे ते अनुमान आहे असे वाचकांनी समजावे.

२

विलेपार्ले साष्टी बेटाच्या पश्चिम भागात आहे. ‘साष्टी’ हे नाव सहासष्ट गावांच्या संख्येवरून पडले असे मानले जाते. गोव्यातील साष्टीच्या नावाचीही हीच उपपत्ती सांगतात. विलेपार्ले या जोडनावाची फोड इर्ले व पार्ले या दोन शेजारच्या वस्त्यांच्या नावांनी करतात, तशीच विर्लेश्वर व पार्लेश्वर या देवस्थानांच्या नावांनीही करतात. यांपैकी इर्ल्याचे नाव आजही नाल्याच्या रूपाने टिकून आहे. गावाच्या पूर्वेस मिठी नदी, पश्चिमेस जुहूची पुळण आणि समुद्र, मध्ये इर्ल्याचा ओहोळ, अशी ही भूमी आहे.

येथे पाऊस थोडा पडत नाही. शेजारच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत वर्षाची सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक भरते. परंतु हा बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि उरलेले आठ महिने जमिनीत मुरलेल्या पाण्यावर काढावे लागतात. पूर्वेकडे काळा पाषाण व त्यावरचा मुरूम आहे. तेथे पाणी खडकाच्या भेगांतून झिरपते आणि विहिरीचे नशीब त्या भेगांवर अवलंबून राहते. पश्चिमेकडे रेती आहे. तेथे पाणी थोड्याच खोलीवर लागते, परंतु ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे, समुद्रसपाटीहून गोड्या पाण्याची पातळी एक हात वर असेल तर तिच्याखाली सुमारे चाळीस हात गोडे पाणी तोलले जाते, असा भूजलशास्त्राचा नियम आहे. त्याचा व्यत्यासही तितकाच खरा आहे. वरची पातळी उपशाने एक हात उतरली की खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस हात वर सरकू पाहते. किनाऱ्यावरच्या विहिरीचे पाणी ‘मचूळ’ का होते, याचे उत्तर या नियमात आहे.

गोडे आणि खारे यांचा हा शेजार भाषेतही उमटला आहे. नारळी-पोफळीच्या बागेला कोकणात ‘आगर’ म्हणतात आणि मीठ पिकवण्याच्या जागेलाही ‘आगर’ किंवा ‘मिठागर’ म्हणतात. एकात गोडे पाणी राखावयाचे, दुसऱ्यात खारे पाणी घेऊन आटवावयाचे. बांध व चर मात्र दोन्हींकडे लागतात. साष्टीत ही दोन्ही आगरे एकमेकांपासून फार दूर नव्हती.

साष्टीत घरगुती पाण्याची सोय केल्याचा सर्वांत जुना पुरावा कान्हेरीच्या लेण्यांत मिळतो. तेथे शंभराहून अधिक लेणी असून पुष्कळशा लेण्यांच्या दाराशी पाषाणात खोदलेले टाके आहे आणि खडकावरून वाहणारे पावसाचे पाणी त्यात आणण्यासाठी पन्हळी कोरल्या आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत या टाक्याला ‘पोढी’ असे नाव आहे. लेण्याच्या दानाबरोबर पोढीच्या दानाचाही निर्देश येतो. म्हणजे राहण्याची जागा आणि तिचे पाणी ही एकाच दानाची दोन अंगे मानली जात. ‘पोढी’ हा शब्द पुढे मराठीतून लुप्त झाला व त्याची जागा ‘टाके’ या शब्दाने घेतली. परंतु ज्याचे घर त्याचे पाणी, आणि ते पावसाळ्यात साठवून उन्हाळ्यात वापरावयाचे, ही रचना कायम राहिली.

३

जमिनीतील पाणी घरात येण्यासाठी ते वर काढावे लागते. या कामासाठी मराठीत जेवढे शब्द आहेत तेवढे पाणी वापरण्यासाठी क्वचितच असतील, आणि त्यांत देश व कोकण यांचा भेद स्पष्ट दिसतो.

देशावर मोट होती. खोल विहीर, चामड्याची मोट, नाडा, बैलांना उतरण्यासाठी ‘धाव’ आणि मोट रिती होण्यासाठी ‘थारोळे’ असा तिचा संसार असे. मोटेने पाणी एकदम पुष्कळ येते, मग बैल परत चढेपर्यंत थांबते. म्हणून तिच्या पाण्याला पाट, दंड, वाफे आणि ‘दारे धरणारा’ माणूस लागतो. जमाबंदीच्या परिभाषेत ‘मोटस्थळ’ आणि ‘पाटस्थळ’ हे जमिनीचे प्रकारच होऊन बसले. आज मोट नाही, थारोळे नाही. ‘रक्ताच्या थारोळ्यात’ या वर्तमानपत्री शब्दप्रयोगात मात्र तो शब्द उरला आहे, आणि तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विहीर नसते.

उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर विहिरी उथळ व बागा लहान होत्या. धावेला लागणारी लांब उतरती जागा वाडीत काढणे परवडत नसे. तेथे रहाट प्रचारात होता. संस्कृत ‘अरघट्ट’, प्राकृत ‘रहट्ट’ आणि मराठी ‘रहाट’ ही परंपरा सुपरिचित आहे. विहिरीवर उभे चाक, त्यावरून फिरणारी गाडग्यांची माळ, आणि दात्यांच्या आडव्या चाकाने ती फिरवणारा रेडा किंवा बैल, असे हे यंत्र होय. वसईच्या बागायतीत ते विशेष नांदले. तेथील केळी, ऊस व पानवेल यांच्या बागांचे वर्णन १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात आले आहे. वसईकडे बागेतील पाणसाठ्यासाठी ‘बावखल’ हा शब्द आहे. पावसाचे पाणी त्यात साठे, मुरे, आणि पुढे शिंपण्याच्या कामी येई. रहाटाचे पाणी मोटेपेक्षा थोडे, परंतु अखंड येते. अशा बारीक धारेला मोठे वाफे चालत नाहीत; ती पन्हळीतून एकेका झाडाकडे न्यावी लागते. बागेची आखणी पाणी काढण्याच्या साधनावरून ठरते, ती अशी.

याहून लहान साधने घरगुती होती. पायांनी फिरवावयाचा ‘पायरहाट’. खांबावर आडवी तुळई टाकून तिच्या एका टोकाला वजन व दुसऱ्या टोकाला पोहरा बांधलेली ‘ओकती’ किंवा ‘लाट’. आणि शेवटी केवळ दोर व पोहरा. घरच्या विहिरीवर दोर सरकण्यासाठी बसवलेल्या लाकडी चाकालाही ‘रहाट’ म्हणत. म्हणजे गाडग्यांच्या माळेचे मोठे यंत्र आणि परसातले साधे चाक या दोघांना एकच नाव मिळाले. दोराने पाणी ओढण्याला ‘शेंदणे’ हे स्वतंत्र क्रियापद आहे. हाताने करावयाच्या एका कष्टासाठी भाषेने वेगळे क्रियापद राखावे, यावरून ते कष्ट किती नित्याचे होते याची कल्पना येते.

४

‘मर्यादित पाणी’ या शब्दप्रयोगाने आपल्यासमोर आटलेली विहीर उभी राहते. ती वैशाखात आटतही असे. त्याच सुमारास गाळ काढण्याचे कामही होई. परंतु वर्षातले बरेच महिने विहिरीत पाणी असताना घरात ते बेताचेच असे, कारण ते वर काढण्याला मनुष्यबळाची मर्यादा होती. ही गोष्ट एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल.

दहा माणसांचे घर व परसात दहा माड धरू. माणशी पन्नास लिटर धरले तर घराला रोज पाचशे लिटर लागतील. वयात आलेल्या माडाला उन्हाळ्यात रोज तीस-चाळीस लिटर पाणी द्यावे असे आजचे कृषिशास्त्र सांगते. सरासरी पस्तीस धरले तर दहा माडांना साडेतीनशे लिटर होतात. पोहऱ्यात आठ लिटर पाणी मावते असे समजल्यास घरासाठी सुमारे बासष्ट आणि माडांसाठी सुमारे चव्वेचाळीस, म्हणजे एकूण एकशेसहा वेळा पोहरा ओढावा लागेल. आता घरात वापरलेल्या पाण्यापैकी आंघोळीचे व भांडी विसळल्याचे मिळून तीनशे लिटर जर माडांकडे वळवले, तर माडांसाठी विहिरीतून केवळ पन्नास लिटर, म्हणजे सहा-सात पोहरे, काढावे लागतील. एकशेसहाचे एकोणसत्तर झाले. दररोज सदतीस वेळा दोर ओढण्याचे कष्ट वाचले. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. परंतु त्यांचा रोख चुकीचा ठरणार नाही. पाण्याचा पुनर्वापर ही आपल्या पूर्वजांच्या काटकसरीच्या वृत्तीची खूण आहे असे सांगण्याची पद्धत आहे. त्या वृत्तीपाशी जाण्यापूर्वी हातांना पडणारे घट्टे विचारात घेतले पाहिजेत.

घराची व परसाची रचना या हिशेबाला धरून होती. कोकणातील घरांत न्हाणीचे पाणी बाहेर जेथे पडते तेथे केळी व अळू लावलेले आढळते. ही झाडे सतत ओल मागणारी, आणि राखेने किंवा चिकणमातीने घासलेल्या भांड्यांच्या पाण्याने त्यांचे बिघडत नसे. त्या पाण्याला ‘सांडपाणी’ म्हणत. त्याचा मूळ अर्थ केवळ सांडलेले पाणी एवढाच आहे. पाणी हातातून सांडले तरी कोठे तरी पोचावयाचे आहे, असा त्यामागचा व्यवहार होता. धुण्याच्या दगडापासून निघालेला चर नारळीच्या आळ्यापर्यंत जाई. पिण्याचे पाणी, स्वयंपाकाचे पाणी, आंघोळीचे पाणी, धुण्याचे पाणी आणि झाडांचे पाणी असा हा उतरता क्रम होता, आणि त्यात पाणी एक पायरी खाली उतरे. सहसा वर चढत नसे.

या क्रमाच्या अखेरच्या पायरीवरचे शब्द फार जुने आहेत. ‘आळे’ हे संस्कृत ‘आलवाला’पासून, ‘पन्हळ’ हे ‘प्रणाला’पासून, ‘शिंपणे’ हे प्राकृत ‘सिंप’पासून आले. झाडाच्या बुंध्याशी मातीची कड करून तेवढ्यातच पाणी जिरवणे ही आळ्याची युक्ती होय. तीत पाणी जेथे मुळे आहेत तेथेच जाते, मधली जमीन कोरडी राहते आणि तण उगवत नाही. वर पालापाचोळा किंवा नारळाची सोडणे पसरली की ऊन थेट लागत नाही व ओल टिकते. पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप किंवा हंडा ठेवला की तेवढे दिवस विहिरीवर जावे लागत नसे. या युक्त्यांत नवल असे काही नाही; म्हणूनच त्या शतकानुशतके टिकल्या.

५

पाणी काढणे व जिरवणे यांचे शब्द असे देशी परंपरेतले असताना, पाणी ठेवण्याच्या व वाहण्याच्या भांड्यांत मात्र परकीय शब्दांची गर्दी दिसते. घागर, कळशी, रांजण, माठ हे आपले आहेतच. परंतु ‘बालदी’ व तिचेच दुसरे रूप ‘बादली’ पोर्तुगीज ‘बाल्दे’पासून, ‘पिंप’ पोर्तुगीज ‘पिपा’पासून आणि ‘घमेले’ पोर्तुगीज ‘गामेला’पासून आले. ‘हौद’ हा अरबी. नळाच्या तोटीला जुन्या पिढीत ‘चावी’ म्हणत. तोही पोर्तुगीज ‘शावी’च होय. साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ च्या तहापासून मराठ्यांच्या १७३७–३९ च्या मोहिमेपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षे होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या उसनवारीचे आश्चर्य वाटत नाही. बागेलाही त्यांचा शब्द चिकटला होता. इंग्रजी अमदानीतील मुंबईच्या जमीनविषयक कागदांत नारळीच्या बागेला ‘ओर्ट’ म्हटलेले आढळते, ते पोर्तुगीज ‘ओर्ता’चे रूप आहे. त्याच बागेला मराठीत ‘वाडी’ किंवा ‘भाट’ म्हणत. गिरगावातील मुगभाट हे नाव त्याची आठवण देते.

या दोन थरांतून एक अनुमान निघते. परकीय भांडे आले, परंतु ते जुन्याच क्रमात जाऊन बसले. पोहऱ्याच्या जागी बालदी आली तरी शेंदणे चुकले नाही; रांजणाच्या जागी पिंप आले तरी पाणी पुरवूनच वापरावे लागले. व्यवस्था बदलली ती भांड्याने नव्हे, उपसा बदलला तेव्हा.

६

येथपर्यंतच्या वर्णनावरून ही व्यवस्था सुबक व समतोल होती असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर करणे इतिहासलेखकाचे कर्तव्य आहे.

दररोजचे साठ-सत्तर पोहरे ओढीत कोण होते? सधन घरी पाणक्या असे. इतरत्र हे काम बहुधा घरातील स्त्रियांचे होते. ‘पुरवून वापरणे’ या क्रियेचा कर्ता व्याकरणात घर असला तरी प्रत्यक्षात सून किंवा मुलगी असे. पाण्याचा प्रत्येक थेंब कसा वाचवला जाई याचे कौतुक करताना, तो थेंब वाचवण्यासाठी कोणाचा जन्म विहिरीच्या काठी गेला हे विसरता येणार नाही. त्या कामाला मानाचे स्थानही होते, हे खरे. साष्टीतील ईस्ट इंडियन समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत जाऊन विहिरीचे पाणी आणण्याचा ‘उंबराचे पाणी’ हा विधी आहे, आणि त्यात स्त्रियाच पुढे असतात. परंतु विधीतला मान हा रोजच्या श्रमाचा मोबदला होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. विहिरीत पाणी किती आहे या प्रश्नाआधी, तेथे दोर कोणी टाकावयाचा हा प्रश्न होता. अस्पृश्य मानलेल्या लोकांना इतरांच्या विहिरीवर जाता येत नसे. भरलेल्या विहिरीच्या काठीही त्यांच्या पाण्याची टंचाई संपत नसे. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. तो अमलात येत नाही हे पाहूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले; त्या तळ्यासंबंधीचा उच्च न्यायालयाचा निर्णय लागण्यास १९३७ साल उजाडावे लागले. तळे सार्वजनिक होते म्हणून हा वाद न्यायालयापुढे तरी आला. परसातील विहीर खाजगी. तिच्या काठावरचा भेद कोणत्याही ठरावाच्या कक्षेत येत नव्हता. ‘ज्याचे घर त्याचे पाणी’ या रचनेची ही काळी बाजू होय. नळाने ही बाजू पूर्णपणे पुसली असे नाही, परंतु पाणी मिळण्यासाठी दुसऱ्याच्या काठावर तिष्ठत राहण्याचे कारण त्याने पुष्कळ अंशी कमी केले. नळाविषयी लिहिताना ही गोष्ट त्याच्या जमेस धरावयास हवी.

७

नळाचा इतिहास साष्टीच्या दृष्टीने काहीसा विपरीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेटावरील विहिरी व तळी वाढत्या वस्तीला अपुरी पडू लागली. तेव्हा १८५६ ते १८६० या काळात साष्टीत, मिठी नदीच्या उगमाकडील खोऱ्यात, विहारचा तलाव बांधण्यात आला. १८७९ मध्ये तुळशीचा तलाव झाला. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली, म्हणजे विहारचे पाणी शहरात नवे असतानाच, प्रसिद्ध झाले. याचा अर्थ असा की, साष्टीच्या डोंगरातील पावसाचे पाणी नळाने मुंबईस जाऊ लागले, आणि त्याच मिठी नदीच्या खालच्या अंगास असलेली विलेपार्ल्यासारखी गावे विहिरीवरच राहिली. पुढे १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले तेही मुख्यतः शहरासाठीच. शहराला ‘पुरवठा’ झाला. गावाने ‘पुरवून’ वापरले. एकाच क्रियापदाचे दोन अर्थ माहीमच्या खाडीच्या दोन तीरांवर असे विभागले गेले.

१८९६ च्या प्लेगनंतर मध्यमवर्गीय वस्ती उपनगरांकडे सरकू लागली. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय व १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ या संस्था निघाल्या, यावरून तेथे मराठी पांढरपेशा वस्तीने मूळ धरल्याचे दिसते. ही कुटुंबे आली ती बंगल्यांत व चाळींत. परंतु त्यांच्या परसातही विहीर, माड, केळी व अळू यांचा जुना क्रम चालू राहिला. १९५० मध्ये विलेपार्ले बृहन्मुंबईत समाविष्ट झाले, आणि शहराची पाणीव्यवस्था व शहराचे आरोग्यविषयक नियम दोन्ही त्याला लागू झाले.

या नियमांत विहिरीविषयीचा संशय होता, आणि तो निराधार नव्हता. १९११ मध्ये सी. ए. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांवर अहवाल दिला. हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास शहरातील विहिरींत व टाक्यांत वाढतो, असे त्यातून पुढे आले, आणि विहिरी झाकण्याची किंवा बुजवण्याची मोहीम सुरू झाली. तिला धार्मिक भावनेतून विरोध झाला. पारशी समाजात विहिरीच्या पाण्याला पावित्र्य आहे, आणि १७२५ मधील भिका बेहराम विहीर आजही त्याची साक्ष देते. विहीर झाकून तिला जाळीचे लहान दार ठेवणे, पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडणे, असे मधले मार्ग निघाले. येथे हे नमूद केले पाहिजे की, ज्या विहिरीतून रोज पाणी उपसले जाते तिच्याकडे घराचे लक्ष राहते. नळ आल्यावर दुर्लक्षित झालेली विहीर मात्र डासांना मोकळी होते. म्हणजे नळाने विहीर अनावश्यक केली, अनावश्यक विहीर उपद्रवी ठरली, आणि उपद्रवी म्हणून ती बुजली, असा कार्यकारणभाव दिसतो.

ज्या विहिरी राहिल्या त्यांच्यावर विजेचा पंप बसला. पंपाने स्त्रियांच्या हातांची सुटका केली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु चौथ्या भागात मांडलेल्या हिशेबातील मुख्य रकमेलाच त्याने शून्य केले. एकशेसहा पोहरे आणि एकोणसत्तर पोहरे यांतील अंतर हातांना जाणवे. पंपाची कळ दोन मिनिटे अधिक दाबली गेली तर ते कोणास जाणवत नाही. उपशाची मर्यादा गेली आणि तिच्यामागे असलेली पाण्याची खरी मर्यादा उघडी पडली. किनाऱ्याकडच्या रेतीत ती खारेपणाच्या रूपाने येते. आणि एकदा खारे झालेले पाणी गोडे होण्यास पावसाळे जावे लागतात.

या काळात शब्दांचे अर्थही हलले. ‘वाटिका’पासून निघालेली ‘वाडी’ एके काळी कुंपण घातलेली बाग होती. मुंबईत ती घरांच्या समूहाचे नाव झाली, आणि ज्या वाडीत झाड नाही तीही वाडीच राहिली. ‘रहाटगाडगे’ संसारातील चढउतारांचे रूपक होऊन उरले. ‘सांडपाणी’ या शब्दाचा प्रवास सर्वांत बोलका आहे. केळीच्या बुडाशी जाणारे पाणी गटारात जाऊ लागले, साबण व रसायने यांमुळे ते झाडांना देण्याजोगेही उरले नाही, आणि त्या शब्दाला घाणीचा अर्थ येऊन चिकटला. आज ‘सांडपाणी प्रक्रिया’ ही संज्ञा आपण वापरतो तेव्हा, जे पाणी पूर्वी केवळ एक पायरी खाली उतरत असे त्याला यंत्राने पुन्हा वर चढवण्याचा तो प्रयत्न असतो.

८

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मिठीच्या पाण्याने सारा परिसर बुडवला. त्याच्या तीन वर्षे आधी, २००२ मध्ये, मुंबईत एक हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामांना पर्जन्यजलसंचय सक्तीचा करण्यात आला होता. ज्या भूमीत वर्षाच्या पावसाचा मोठा हिस्सा एका दिवसात कोसळू शकतो आणि तरीही वैशाखात टँकर मागवावा लागतो, तिथे प्रश्न पावसाच्या प्रमाणाचा नाही, हे या दोन घटना एकत्र पाहिल्या म्हणजे स्पष्ट होते. कान्हेरीच्या भिक्षूंनी पोढी खोदली ती याच प्रश्नासाठी.

तथापि पर्जन्यसंचयाचे टाके बांधल्याने जुनी व्यवस्था परत येईल असे मानणे इतिहासास धरून होणार नाही. ती व्यवस्था तीन गोष्टींवर उभी होती : उपशाचे कष्ट, वापराचा उतरता क्रम, आणि काठावर कोणी यावयाचे याचा निर्बंध. यांपैकी पहिली आणि तिसरी परत यावी असे कोणताही विचारी मनुष्य म्हणणार नाही. दुसरी मात्र पहिलीच्या पोटी जन्मली होती. कष्ट होते म्हणून क्रम होता. कष्ट गेल्यावर तो केवळ उपदेशाने टिकेल असा आपला अनुभव नाही. पूर्वी दोराने जे मोजमाप आपोआप होई ते आता दुसऱ्या कशाने तरी व्हावे लागेल : विहिरीतील पातळीची नोंद, वापराचे मापन, न्हाणीचे पाणी वेगळ्या नळीने बागेकडे नेणारी बांधणी. हा विषय अभियांत्रिकीचा व नगररचनेचा आहे. या विषयांच्या अभ्यासकांपुढे इतिहास एवढीच नोंद ठेवू शकतो की, मोजमाप कोणाच्या तरी शरीरावर होत होते तोवर क्रम चालला, आणि ते शरीर मोकळे करताना मोजमापाची दुसरी सोय आपण केली नाही.

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण आपण सहसा माणसाच्या बुद्धीविषयी वापरतो. ती ज्या अनुभवातून निघाली तेथे तिचा अर्थ सरळ होता. पोहरा टाकणाऱ्याला आडातले पाणी दिसत असे. नळाची तोटी सोडणाऱ्याला ते दिसत नाही. ‘पुरवठा’ या शब्दात ‘पुरवून वापरण्या’चा अर्थ उरला नाही, याचे कारण बहुधा तेच असावे. जुन्या पार्ल्यातील परसांचा, विहिरींचा व त्यांच्या नावांचा तपशील ज्यांच्या स्मरणात आहे अशी पिढी आता थोडी उरली आहे. तिच्याकडून हे शब्द त्यांच्या वापरासह टिपून घेण्याचे काम आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेतल्यास, येथे अनुमानाने मांडलेल्या पुष्कळ गोष्टी पुराव्याने पक्क्या होतील किंवा खोट्या ठरतील. दोहोंपैकी काहीही झाले तरी अभ्यासाचा लाभच आहे.